इंजिन ऑइलवरचे आकडे काय सांगतात? आपल्या गाडीसाठी योग्य ऑइल कसे निवडावे?



निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, याची बातमी रोज पेपरात येते. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि सकाळी गाडी सुरू करताना प्रत्येक जण थोडा धास्तावलेला असतो. याच दिवसांत गॅरेजमध्ये दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "थंडी आहे, पातळ ऑइल टाका." दुसरा म्हणतो, "आपल्याकडे उन्हाळा कडक, माल भरून घाट चढायचा, जाडच ऑइल बरं." दोघेही अनुभवी असतात. मग ऐकायचं कुणाचं?

उत्तर ऑइलच्या डब्यावरच लिहिलेलं असतं, फक्त ते वाचता यायला हवं. आजच्या पाठात ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० या आकड्यांचा अर्थ आपण समजून घेऊ.

श्यानता म्हणजे काय?

द्रव पदार्थाच्या वाहण्याला आतूनच जो विरोध होतो, त्याला श्यानता म्हणतात. बोलीभाषेत आपण 'दाटपणा' म्हणू. पाणी पटकन वाहतं, काकवी सावकाश वाहते, म्हणजे काकवीची श्यानता जास्त. तीच काकवी थंडीच्या सकाळी चमच्याला चिकटून बसते आणि गरम केली की सुळकन ओघळते. तापमान वाढलं की द्रवाची श्यानता कमी होते. ऑइललाही हाच नियम लागू आहे, आणि आपली सगळी अडचण इथूनच सुरू होते.

इंजिनमध्ये क्रँक मिनिटाला हजारो वेळा फिरतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो. तो थर आहे तोपर्यंत धातूला धातू घासत नाही. ऑइल गरजेपेक्षा पातळ असेल तर जोर पडल्यावर हा थर तुटतो आणि बेअरिंग झिजतं. गरजेपेक्षा दाट असेल तर ते बारीक वाटांमधून वेळेवर पोचत नाही, पंपावर ताण येतो, इंजिनची ताकद ऑइल ढवळण्यातच जाते आणि ॲव्हरेज कमी होतं. म्हणून ऑइल थंड असताना पुरेसं वाहतं हवं आणि गरम झाल्यावर पुरेसं दाट राहायला हवं.

पहिला आकडा: थंडीतली चाल

अमेरिकेतील एसएई ही वाहन अभियंत्यांची संस्था १९०५ साली स्थापन झाली. ऑइलची दाटपणानुसार वर्गवारी तिने १९११ पासून सुरू केली. आज जगभर डब्यांवर दिसणारे आकडे याच वर्गवारीतले आहेत.

डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. बरेच जण त्याला 'वेट' म्हणजे वजन समजतात, ते चूक आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा ऑइल किती थंडीपर्यंत इंजिन फिरू देईल, ते सांगतो. त्याची चाचणी ठरलेल्या तापमानाला होते:

- ०डब्ल्यू : उणे ३५ अंश
- ५डब्ल्यू : उणे ३० अंश
- १०डब्ल्यू : उणे २५ अंश
- १५डब्ल्यू : उणे २० अंश
- २०डब्ल्यू : उणे १५ अंश

लक्षात ठेवायला सोपी युक्ती आहे. ३५ मधून डब्ल्यूच्या आधीचा आकडा वजा करा आणि उत्तराला उणे चिन्ह लावा. ३५ मधून १५ गेले, उरले २०, म्हणून १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांना.

आता निफाडचा विचार करा. इथली थंडी कितीही कडाक्याची पडली, तरी ती शून्याच्या आसपास थांबते. उणे १५ अंश आपल्याकडे कधीच होत नाही. म्हणजे २०डब्ल्यू ऑइल असलेली गाडीसुद्धा केवळ ऑइलमुळे सकाळी अडून बसणार नाही. गाडी सुरू होत नसेल तर आधी बॅटरी बघा, डिझेल गाडी असेल तर ग्लो प्लग बघा. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि दोष मात्र ऑइलवर जातो.

मग पहिल्या आकड्याचा आपल्याला उपयोग नाही का? आहे. रात्रभर उभ्या गाडीतलं बरंचसं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. सेल मारल्यावर ते पंपाने वरपर्यंत, टायपेट आणि टर्बोपर्यंत पोचायचं असतं. तोवर हे भाग जुन्या, उरल्यासुरल्या थरावर चालतात. पाच अंशांच्या सकाळी ५डब्ल्यू ऑइल २०डब्ल्यूपेक्षा लवकर वर पोचतं. गाडी दोन्हींवर सुरू होते, झीज मात्र सारखी होत नाही.

दुसरा आकडा: तापलेल्या इंजिनातला दाटपणा

डब्ल्यूनंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं, ते सांगतो. त्याचं माप सेंटिस्टोक. साध्या तापमानाच्या पाण्याची श्यानता साधारण १ सेंटिस्टोक असते, हे डोक्यात ठेवून पुढचे आकडे वाचा.

- २० : ६.९ ते ९.३
- ३० : ९.३ ते १२.५
- ४० : १२.५ ते १६.३
- ५० : १६.३ ते २१.९

इथे एक गैरसमज नेहमी होतो. ५डब्ल्यू-३० म्हणजे थंडीत ५ इतकं पातळ आणि गरम झाल्यावर ३० इतकं जाड, असं अनेकांना वाटतं. कुठलंही ऑइल गरम झाल्यावर जाड होत नाही, पातळच होतं. २०डब्ल्यू-५० चं उदाहरण घ्या. ४० अंशांना त्याची श्यानता दीडशे सेंटिस्टोकच्या आसपास असते, तर १०० अंशांना अठराच्या आसपास. म्हणजे 'जाड' म्हणून घेतलेलं ऑइलही तापल्यावर आठपट पातळ होतं. मल्टिग्रेड ऑइलमध्ये पॉलिमर मिसळलेले असतात. त्यांचे लांब रेणू थंडीत आखडून बसतात आणि उष्णतेत पसरतात. त्यामुळे ऑइल पातळ होण्याचा वेग कमी होतो, इतकंच.

आता "आपल्याकडे उन्हाळा कडक" या सल्ल्याकडे येऊ. मे महिन्यात निफाडला पारा चाळिशीच्या आसपास जातो, जानेवारीत पाचाच्या खाली उतरतो. बाहेर एवढा फरक असला, तरी चालत्या इंजिनात थर्मोस्टॅट पाण्याचं तापमान ठरलेल्या पातळीवर ठेवतो आणि ऑइलही साधारण ९० ते ११० अंशांत राहतं. पिकअपमध्ये द्राक्षाचे क्रेट भरून ओझं ओढताना ते आणखी तापतं. गाडी बनवताना कंपनीने हा ताण धरलेला असतो. बेअरिंगमधली फट, पंपाचा दाब, ऑइलच्या वाटा हे सगळं एका ठरावीक दाटपणासाठी बनवलेलं असतं. म्हणून दुसरा आकडा ऋतूवरून ठरत नाही, तो इंजिनच्या बांधणीवरून ठरतो. आणि ही बांधणी आपल्याला बाहेरून दिसत नाही.

मग निवड कशी करायची?

१. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका काढा. त्यात ऑइलचा ग्रेड दिलेला असतो. अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं. "हे पाण्यासारखं पातळ आहे" म्हणून त्यात २०डब्ल्यू-५० ओतू नका. अशा इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावर चालते. जाड ऑइलने तिचं काम मंदावतं.

२. पुस्तिकेत दोन-तीन ग्रेड दिलेले असतील, तर तेवढ्यातच निवडा. गाडी जुनी झाली, ऑइल खायला लागली, नेहमी ओझं ओढते, तर त्यातला दुसरा आकडा मोठा असलेला ग्रेड घ्यायला हरकत नाही. पण जाड ऑइल म्हणजे दुरुस्ती नव्हे. रिंग झिजली असेल तर ती बदलावीच लागते.

३. ग्रेडइतकंच महत्त्व दर्जाला आहे. डब्यावर एपीआयची अक्षरं असतात. एस ने सुरू होणारी पेट्रोलसाठी (एसएन, एसपी) आणि सी ने सुरू होणारी डिझेलसाठी (सीआय-४, सीके-४). घरात ट्रॅक्टरसाठी आणलेला १५डब्ल्यू-४० चा मोठा डबा आहे, म्हणून तेच पेट्रोल कारमध्ये टाकायचं, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. ग्रेड आणि दर्जा दोन्ही पुस्तिकेशी जुळले तरच ते करा.

४. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ नियम लागू झाले. या नियमांनुसार बनलेल्या बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ असते. ऑइल जळून उरलेली राख या जाळीत साचते आणि काजळीसारखी जळून जात नाही. अशा गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ असं काही लिहिलेलं असतं, ते पुस्तिकेशी जुळवून घ्या. शंभर-दोनशे रुपये वाचवायला गेलात, तर जाळीचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

५. मोटारसायकलमध्ये कारचं ऑइल नको. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे तो घसरू शकतो. डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ बघा.

६. बोटांवर ऑइल चोळून ग्रेड ठरवू नका. बोटांचं तापमान तीस-पस्तीस अंश असतं. शंभर अंशांना ऑइल कसं वागेल, हे बोट सांगू शकत नाही. ऑइल काळं पडलं म्हणजे संपलं, हेही खरं नाही. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बदलायची वेळ किलोमीटर आणि महिने पाहून ठरवा.

थंडीच्या सकाळी एवढं करा

गाडी सुरू केल्याबरोबर जोरात रेस देऊ नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. विझला नाही तर लगेच गाडी बंद करा आणि स्टिक काढून ऑइलची पातळी बघा. दिवा विझल्यावर दहा-पंधरा मिनिटं गाडी जागेवर गरम करत बसायची गरज नाही. पहिले तीन-चार किलोमीटर सावकाश चालवली की ऑइल आपोआप तापतं.

आपल्या भागात गाडी म्हणजे नुसती हौस नाही. तोडलेला माल वेळेत पिंपळगावला किंवा लासलगावला पोचणं तिच्यावर अवलंबून असतं. ऐन हंगामात इंजिन खोलायची वेळ आली, तर दुरुस्तीच्या खर्चासोबत मालाचंही नुकसान होतं. फिटरचा अनुभव मोलाचा आहेच, पण ऑइल टाकण्याआधी त्याच्यासमोर पुस्तिकेचं ते पान उघडून ठेवा.

स्वाध्याय

१. १०डब्ल्यू-४० या ग्रेडमधील दोन्ही आकड्यांचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. मल्टिग्रेड ऑइल गरम झाल्यावर जाड होते का? कारण द्या.
३. करून पाहा: दोन सारख्या चमच्यांत काकवी घ्या. एक चमचा थंड पाण्यात, दुसरा कोमट पाण्यात पाच मिनिटे टेकवून ठेवा. मग दोन्ही तिरपे करा आणि कोणती काकवी आधी ओघळते ते नोंदवा.
४. घरातल्या गाडीची पुस्तिका शोधा. तिच्यात सांगितलेला ग्रेड आणि मागच्या सर्व्हिसच्या बिलावरचा ग्रेड एकच आहे का, ते तपासा.