अडवलेला वेग
पोटाचे दिवस : लेखांक ६

मुंबईच्या लोकलला शौचालय नसतं. ठाण्याहून दादरला जाणाऱ्याला ते कधी जाणवत नाही, खोपोलीच्या माणसाला जाणवतं. लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत कर्जत गाठायचं आणि तिथून पुढे मुंबई. शेवटच्या स्टेशनापर्यंत बसलं तर प्रवास अडीच तासांच्या घरात जातो. कर्जत ते खोपोली मार्ग एकेरी, गाड्या मोजक्या. एक चुकली की लेटमार्क ठरलेला. म्हणून पहाटे उठून अंघोळ, चहा, डबा आणि थेट स्टेशन असा क्रम बसतो. शौचाला जाणं त्यात जमलं तर जमलं. चहा पोटात गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, गाडी पळसदरीच्या आसपास असताना, पोट हलतं. ते दाबण्याखेरीज इलाज नसतो.

थोड्या वेळाने ती भावना विरून जाते आणि माणसाला सुटल्यासारखं वाटतं. आत मात्र काम चालूच असतं. गुदाशय सैलावून मल सामावून घेतो आणि मेंदूकडे जाणारा निरोप थांबतो. मोठ्या आतड्याचं एक मुख्य काम पाणी शोषणं, ते थांबत नाही. सकाळी मऊ असलेला मल संध्याकाळपर्यंत कोरडा आणि घट्ट होतो. महिनोन्‌महिने असंच घडलं तर गुदाशयाला ताण सोसायची सवय लागते, आणि सुट्टीच्या दिवशी वेळ असूनही पोट हलत नाही.

दिवसात हे पोट हलण्याची उत्तम वेळ सकाळचीच असते. रात्री मोठं आतडं जवळजवळ निजलेलं असतं. माणूस जागा झाला की ते हालचाल सुरू करतं आणि पहिला घास किंवा गरम घोट जठरात पडला की मोठ्या लाटा उठतात. रोजचं गणित या लाटेवर बसवायचं असतं. आपलं गणित मात्र घड्याळावर आणि गाडीवर बसलेलं.

गाडी न धरणाऱ्यांचंही फार वेगळं नाही. टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली खोपोलीत सुरू झालं, पुढे पोलाद आणि कागदाचे कारखाने आले, आणि गावाला पाळ्यांची सवय लागली. या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्या आठवड्यात नाइट. शरीराच्या आतल्या घड्याळाला अशी उलटापालट झेपत नाही. पाळ्यांनी काम करणाऱ्या परिचारिकांच्या अभ्यासांतही पोटाच्या तक्रारी जास्त आढळल्या आहेत. त्यात भट्टीजवळ उभं राहणाऱ्याच्या अंगातलं पाणी घामावाटे जातं. आणि बायकांची अडचण सगळ्यांत मोठी. बाजारात, शेतावर, हायवेच्या कडेला भाजी विकताना त्यांना जायला स्वच्छ जागाच नसते, म्हणून त्या पाणीही कमी पितात. या बद्धकोष्ठतेवर चूर्ण सुचवण्याआधी स्वच्छतागृह मागायला हवं.

आयुर्वेदाने हा विषय अगदी सुरुवातीलाच घेतला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय दाबू नयेत अशा वेगांचा. मूत्र, मल, शिंक, जांभई, अश्रू, झोप असे तेरा वेग तिथे सांगितले आहेत. मलाचा वेग अडवला तर काय होतं, त्याची यादी आजच्या रुग्णाने सांगावी इतकी नेमकी आहे: पोटात दुखणं, डोकं दुखणं, वारा न सरणं, पोट फुगणं, पोटऱ्यांत वळ येणं. लक्ष द्यावं असं पुढेच आहे. यावर उपाय म्हणून शेक, तेलाचं मर्दन, कोमट पाण्यात बसणं, गुदवर्ती, बस्ती आणि वाताला खाली वळवणारं अन्न सांगितलं आहे. जुलाबाचं नाव त्या यादीत नाही. अडलेला वायू स्निग्धता आणि ऊब देऊन मार्गी लावायचा, ही तिथली दिशा. वाग्भटांनी तर आणखी एक पथ्य घातलं: वेग आल्यावर दुसऱ्या कामात गुंतू नये, आणि वेग नसताना बळेच आणूही नये. कुंथण्यावरचा हा आक्षेप आजचे शल्यचिकित्सकही घेतात, कारण मूळव्याध आणि गुदद्वाराची चीर तिथूनच सुरू होते.

लोकांना मात्र आयुर्वेद म्हणजे रात्रीची चूर्णाची फक्की एवढंच ठाऊक असतं. बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती युनानी परंपरेतून आपल्याकडे रुळली. ती आतड्याला चिमटा काढून काम करवते. दोन-चार दिवस घेतली तर हरकत नाही. महिनोन्‌महिने घेतली तर आतड्याचं अस्तर काळवंडतं. ते औषध बंद केल्यावर पूर्ववत होतं, पण सवय सुटणं अवघड. एका जोरदार जुलाबाने सगळं आतडं रिकामं झालं की ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत शौचाला न होणं स्वाभाविकच असतं. माणूस घाबरतो, पुन्हा डोस घेतो, आणि चक्र सुरू राहतं.

चरकांनी रेचकांची प्रतवारी लावली आहे. तीव्र रेचकांत निवडुंगाचा चीक, सुखाने होणाऱ्या रेचकांत निशोत्तर आणि सौम्य रेचकांत बहावा अग्रणी. एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लगडणारा हाच बहावा. त्याच्या लांब काळ्या शेंगेतला चिकट मगज औषधात वापरतात. खांडसवरून गणेश घाटाने भीमाशंकरला चढणाऱ्याला वर हिरड्याची झाडं भेटतात. भावप्रकाशात हिरड्याचं मोठं मार्मिक वर्णन आहे: चावून खाल्ला तर भूक वाढवतो, वाटून घेतला तर मल मोकळा करतो, वाफवला तर उलट मल बांधतो. म्हणजे एकच फळ, पण घेण्याची रीत बदलली की काम बदलतं. म्हणून ऐकीव उपाय करू नये. वैद्य कोठा पाहून ठरवतात. काहींचा कोठा इतका मृदू असतो की गरम दूध किंवा मनुकांनी भागतं, काहींचा इतका क्रूर की एरंडेलात परतलेली गंधर्व हरीतकीच लागते. गरोदर स्त्रियांनी आणि मुलांनी यातलं काहीही सल्ल्याशिवाय घेऊ नये.

ताटात काय आहे, तेही पाहायला हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, ज्वारीत १०, पांढऱ्या सडीक तांदळात जेमतेम ३. दुपारी भात, रात्री भात आणि मध्ये स्टेशनवरचा वडापाव, एवढ्यावर आतडं काय पुढे ढकलणार? उपाय दूर नाही. नाचणीची भाकरी रायगडात नवी नव्हे. पावसाळ्यात कातकरी आणि ठाकर बाया टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन बाजारात बसतात. त्या भाज्या घ्याव्यात. हिवाळ्यात पोपटीच्या मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर ओवा पडतो, तो वायू सरावा म्हणूनच. मात्र तंतू एकदम वाढवले तर पोट फुगतं, म्हणून हळूहळू. इसबगोल घ्यायचं तर भरपूर पाण्यासोबतच, नाहीतर तेच अडकून बसतं. आणि पहाटे तांब्याभर पाणी ढोसून काम होतं हा समज सोडावा. ताटात तंतू नसतील तर त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं.

पहाटेची गाडी धरणाऱ्याने पाऊण तास आधी उठावं. त्यासाठी रात्रीचं जेवण लवकर, हे मागच्या लेखांकात पाहिलंच. उठल्यावर कपभर गरम पाणी, सोबत केळं किंवा भाकरीचा तुकडा, मग अंघोळीआधी शौचाला पाच-दहा मिनिटं. मोबाइल बाहेर. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्यावा. गुडघे वर आले की गुदाशयाचा वाक सरळ होतो आणि जोर लागत नाही. नाइट शिफ्टवाल्याने हाच क्रम घड्याळाऐवजी स्वतःच्या उठण्याला बांधावा, मग ती दुपार का असेना. झोपताना कोमट तिळाचं तेल पोटावर चोळावं: उजवीकडे खालून वर, बरगड्यांखालून आडवं, डावीकडून खाली. मोठं आतडं याच वाटेने वळलेलं आहे. दोन-तीन आठवडे नेमाने केल्याशिवाय फरक पडला की नाही, हे ठरवू नये.

आठवड्यातून तीनदाच पण विनासायास होत असेल, तर तो आजार नाही. रोज व्हायलाच हवं हा धसका अनेकांना उगाच चूर्णाकडे नेतो. पण मलातून रक्त, वजन घटणं, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, किंवा उलट्या होऊन वाराही न सरणं, यांत घरगुती उपायात एक दिवसही घालवू नये. पहिल्या तिन्हींसाठी डॉक्टरांकडून तपासणी, शेवटच्यासाठी थेट रुग्णालय. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, काही वेदनाशामकं आणि मंदावलेलं थायरॉइड यांनीही मल घट्ट होतो, म्हणून चालू औषधांची चिठ्ठी वैद्यांनाही दाखवावी.

पुढच्या लेखांकात मूळव्याध आणि चीर यांतला फरक, आणि क्षारसूत्र नेमकं कशासाठी वापरतात, ते पाहू.