वार्धक्यांतील बहिरेपणा

आमच्या रत्नागिरीकडे ओटीवर बसलेल्या आजोबांना हांक मारली तर ती ऐकूं येते. पण माजघरांतून सांगितलेला निरोप भलताच होऊन पोंचतो. 'साठ' म्हणावें तर ते 'सात' धरून चालतात. घरचीं माणसें म्हणतात, "सोयीचें तेवढें बरोबर ऐकूं येतें!" हा आरोप अन्यायाचा आहे.

अंतःकर्णांत शंखाप्रमाणें अडीच वेढ्यांची एक नळी असते. तींत सुमारें १५,००० सूक्ष्म केसाळ पेशी असून नळीवरील प्रत्येक जागा ठराविक पट्टीच्या ध्वनीसाठीं राखलेली असते. उंच पट्टीच्या पेशी नळीच्या तोंडाशीं असतात, व वयपरत्वें बहुधा त्याच आधीं निकामी होतात. मेलेली पेशी मनुष्याच्या कानांत पुन्हां उत्पन्न होत नाहीं. आतां भाषेंतले स्वर जोरकस व खालच्या पट्टीचे; उलट स, श, त, फ हीं व्यंजनें क्षीण व उंच पट्टीचीं. म्हणून वृद्धास आवाज पोंचतो, शब्द पोंचत नाहीं. ओरडून बोलल्यानें स्वर तेवढे फुगतात. त्यांत आषाढाचा पाऊस पत्र्यावर कोसळत असला म्हणजे उरलींसुरलीं व्यंजनेंही बुडालींच! मिरकरवाडा बंदरांतील यांत्रिक नौकांवर इंजिनाशेजारीं आयुष्य काढणारांस तर हें संकट म्हातारपणापूर्वींही गांठूं शकतें.

प्रत्येक वाक्यास "काय म्हणालांत?" असें विचारण्याचा माणसास संकोच वाटतो. मग तो उगाच मान डोलावतो, कीर्तनास जाणें सोडतो, लग्नकार्यांत कोपरा धरतो. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञमंडळानें २०२४ सालीं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, पण आटोक्यांत आणतां येण्याजोग्या, १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत श्रवणदोष आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत, धोका अधिक असलेल्या वृद्धांना श्रवणयंत्र व मार्गदर्शन मिळाल्यावर तीन वर्षांतील बुद्धीची झीज जवळजवळ निम्म्यानें मंदावली. सर्वांचा एकत्र हिशेब केला तेव्हां मात्र फरक दिसला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

चष्म्याची लाज कोणी बाळगीत नाहीं; यंत्राची मात्र बाळगतात, व महागाचें यंत्र चार दिवसांत कपाटांत जातें. मेंदूला त्याची संवय होण्यास कांहीं आठवडे लागतात, हें विक्रेत्यानेंही सांगावयास हवें. प्रथम डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावा. कित्येकदां नुसता मळच निघतो. वांद्र्यास १९८३ सालापासून अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था याच कामास वाहिलेली आहे. घरांत समोर बसून, तोंडावर उजेड घेऊन, सावकाश बोलावें. मात्र एखादा कान अकस्मात् बंद झाला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां डॉक्टर गांठावा. त्या प्रकारांत उपचाराची संधि फार थोडे दिवस असते.