तेरावं अक्षर

"अहो, तुमचं मशीन म्हणतंय, अत्र्यांचं 'कऱ्हेचे पाणी' आपल्याकडे नाही. मी कपाटासमोर उभी आहे. सगळे खंड समोर दिसतायत!"

फोन गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा. ठाकूरद्वारजवळच्या गल्लीत, लाकडी जिना चढून पहिल्या मजल्यावर. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच. पुस्तकांची यादी वेबसाइटवर चढवून देणारा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि मागची दुरुस्ती माझ्या गळ्यात पडली.

त्याआधी महिनाभर खोताच्या वाडीतल्या एका नव्या सभासद बाईंनी मला तिथे बोलावणं धाडलं होतं. त्यांचं आडनाव डी'सोझा. अर्ज भरून बटण दाबलं की स्क्रीनवर इंग्रजीत एरर, क्रमांक १०६४. डेटाबेसला पाठवायच्या प्रश्नात, म्हणजे क्वेरीत, नाव अवतरणचिन्हांत घालून द्यावं लागतं. आडनावातली ती वरची शेपटी म्हणजेच बंद होणारं अवतरण, असं डेटाबेसने धरलं. नाव 'डी'वर संपलं आणि उरलेला 'सोझा' त्याला हुकूम वाटला. असला हुकूम त्याच्या शब्दकोशात नाही, म्हणून तो ओरडला. तिथला डेटाबेस मायएसक्यूएल, तो अशा वेळी 'या मजकुराच्या जवळ चूक आहे' म्हणतो आणि जिथे अडला तिथून पुढचा मजकूर दाखवतो. नवशिका त्या मजकुरातच डोळे घालून बसतो. चूक बहुतेकदा त्याच्या एक पाऊल आधी असते, हे कळायला मला दोनेक वर्षं लागली.

आधीच्या मुलाने यावर तोडगा काढलेला होता: शेपटीच्या आधी एक उलटी तिरपी रेघ घालायची. काही फॉर्मांत ती दोनदा घातली जायची, काहींत घालायची राहून गेली होती. त्यामुळे दोन-तीन सभासदांच्या पावत्यांवर आडनावात ती रेघ छापून येत होती आणि कोणी तक्रारही केली नव्हती! शिवाय ज्या फटीतून साधं आडनाव हुकूम बनून आत शिरतं, त्याच फटीतून एखादा उपद्व्यापी माणूस खरोखरचा हुकूम घुसवू शकतो. उपाय जुना आणि सोपा आहे. क्वेरीचा सांगाडा वेगळा पाठवायचा, नाव वेगळं पाठवायचं. मग नावात काहीही असो, ते नावच राहतं. वेबसाइट ज्या भाषेत लिहिली होती त्या पीएचपीने तर क्वेरी आणि नाव एकाच दोरीत ओवायला लावणारी मायएसक्यूएलची जुनी फंक्शनं २०१५ साली आलेल्या सातव्या आवृत्तीतून काढूनच टाकली. तासाभरात काम आटोपलं, वर चहाही मिळाला.

'कऱ्हेचे पाणी'त मात्र एररच नव्हता. क्वेरी व्यवस्थित चालली, डेटाबेसने शांतपणे उत्तर दिलं: शून्य ओळी. ओरडणाऱ्या चुकीशी माझं भांडण नाही, ती निदान पत्ता तरी सांगते. शून्य ओळी हे उत्तर दिसतं, म्हणून माणसं त्यावर विश्वास ठेवतात. बाईंनी ठेवला नाही, कारण पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते त्यांना पाठ आहे. पण वेबसाइटवर घरून शोधणाऱ्या सभासदाला कपाट कुठून दिसणार?

मी दादरला राहतो. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ गिरगावपर्यंत धावते आणि वाटेत 'आचार्य अत्रे चौक' हे स्टेशन लागतं. स्टेशनाला नाव आहे आणि यादीत पुस्तक नाही, हे वाचायला अत्रे असते तर अग्रलेखच पडला असता.

वाचनालयात पोहोचल्यावर बाईंना म्हटलं, पुन्हा टाईप करा. त्यांनी आपल्या मोबाइलवर केलं. शून्य. वेबसाइटने नेमकी कोणती क्वेरी पाठवली ती लॉगमधून उचलली आणि थेट डेटाबेसवर हाताने चालवली. तरीही शून्य. म्हणजे वेबसाइट निर्दोष. मग अटी एकेक करून सोलत गेलो. लेखकाचं नाव काढलं, खंड काढला, शेवटी नुसतं 'पाणी' शोधलं. 'कऱ्हेचे पाणी' आलं! नुसतं 'कऱ्हे' शोधलं, गायब. अर्ध्या अक्षराएवढ्या जागेत चोर लपलेला होता.

डेटाबेसला विचारलं, या शीर्षकात अक्षरं किती? मात्रा, हलन्त आणि मधली मोकळी जागा संगणक वेगवेगळी मोजतो, त्या हिशेबाने मी बोटांवर बारा मोजली होती. तो म्हणाला, तेरा.

तेरावं अक्षर डोळ्यांना दिसत नाही. आपला हा 'ऱ्ह'मधला अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यांच्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. 'र'खाली नुक्ता देऊन होतो तो आणखी निराळा. कागदावर तिन्ही सारखेच. बाईंच्या मोबाइलवरून पहिला येत होता. कोठारात दुसरा होता, कारण यादी मुळात जुन्या फॉन्टांत टाईप केलेली आणि कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये आणताना हे जोडचिन्ह पेरलेलं. त्या कॉलमची तुलना बाइटला बाइट अशी होती. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे एक 'ऱ्ह' नऊ बाइटांचा, दुसरा बाराचा. जुळणार कसे?

बाईंना हे समजावलं तर त्या म्हणाल्या, "आमच्या कार्डांच्या खणात ऱ्ह एकच होता हो."

क्वेरी लिहिण्याची एसक्यूएल ही भाषा आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४च्या सुमारास घडवली, ती प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही प्रश्न विचारता यावेत म्हणून. प्रश्न विचारता येतो, खरं आहे. पण विचारलं तेवढंच आणि तसंच ती शोधते.

दुरुस्ती करताना मी भित्रा आहे. अट लिहायला विसरलेला एक अपडेट सगळ्या पुस्तकांना एकच नाव देऊन मोकळा होतो. उमेदवारीत मी एका दुकानाच्या सगळ्या ग्राहकांना एकच पत्ता दिला होता. म्हणून आधी बॅकअप, मग त्याच अटीने नुसतं वाचून पाहायचं, आणि मगच बदल. तिन्ही रूपांचं एक रूप करायचं, कोठारातही आणि शोधायला आलेल्या शब्दातही.

बदल सुरू केला आणि डेटाबेस ओरडला. एरर १०६२: ही नोंद आधीच आहे. लेखक, शीर्षक आणि खंड एकत्र दोनदा येऊ नयेत असा नियम टेबलावर होता, आणि पहिला खंड दोनदा होता, एकदा जोडचिन्हाच्या ऱ्हने, एकदा नुक्त्याच्या. बाईंनी दाखल-नोंदवही काढली. आधीच्या वर्षी कुणा कार्यकर्त्याने संगणकावर शोधलं, 'नाही' दिसलं, म्हणून वाचनालयाने तो खंड नव्याने विकत घेतला होता. दोन्ही प्रती शेजारी-शेजारी उभ्या होत्या.

आता तिथे शोध नीट चालतो. तुमच्या वाचनालयाच्या यादीत बिऱ्हाड, चऱ्हाट किंवा कऱ्हाड सापडत नसेल, तर ऱ्ह वगळून शीर्षकातला दुसरा एखादा शब्द टाकून पाहा. सापडलं तर ग्रंथपालांना तेवढं सांगा.