विश्लेषण : डेबियनचे ‘बॅकपोर्ट्स’ अधिकृत झाले, म्हणजे नेमके काय बदलले?

विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 च्या अटींत न बसणाऱ्या, पण अजून धडधाकट असलेल्या संगणकांचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हापासून नाशिकमधील क्लासचालक, झेरॉक्सवाले, लहान शाळा आणि घरगुती वापरकर्ते अशा सगळ्यांपुढेच आहे. जाणकारांकडून हमखास मिळणारा सल्ला असतो, ‘लिनक्स टाका’. डेबियन टाकले, की आठवडाभरात पहिली तक्रार येते : यातले सॉफ्टवेअर जुने का? मग एखादा व्हिडिओ पाहून, त्यात सांगितलेली ओळ टर्मिनलमध्ये चिकटवून, कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून नवी आवृत्ती उतरवली जाते. अनेकांचा घोळ होतो तो इथेच. वास्तविक या तक्रारीवर डेबियनमध्येच एक उत्तर आहे. त्याचे नाव बॅकपोर्ट्स. काही स्वयंसेवकांनी ते स्वतंत्रपणे सुरू केले आणि सप्टेंबर 2010 मध्ये डेबियनने त्याला अधिकृत दर्जा दिला.

पॅकेज म्हणजे काय?

नाशिककरांना हे समजायला द्राक्षांचे पॅकहाउस पुरेसे आहे. निफाड-दिंडोरीच्या बागेतून घड तोडला आणि थेट युरोपच्या दुकानात ठेवला, असे होत नाही. प्रतवारी होते, अंश तपासणी होते, पेटीवर क्रमांक पडतो. अपेडाच्या ‘ग्रेपनेट’ प्रणालीमुळे त्या क्रमांकावरून पेटीतला माल कोणत्या नोंदणीकृत बागेतला, इथपर्यंत माग काढता येतो.

सॉफ्टवेअरचेही तसेच. मूळ लेखक सोर्स कोड प्रसिद्ध करतो, तो झाला बागेतला माल. तो डेबियनच्या संगणकावर नीट चालावा, इतर सॉफ्टवेअरशी त्याचे भांडण होऊ नये, काढून टाकले तर मागे कचरा राहू नये, त्याचा परवाना मुक्त आहे की नाही, हे सगळे पाहून तो बांधणारा माणूस वेगळा असतो. त्याला ‘मेंटेनर’ म्हणतात. तो आपल्या डिजिटल सहीनिशी पॅकेज पाठवतो. पहिल्यांदाच येणारे पॅकेज असेल तर दुसरा स्वयंसेवक ते उघडून तपासतो आणि मगच भांडारात घेतो. डेबियन 13 मध्ये जवळपास 70 हजार पॅकेजेस आहेत आणि ती सांभाळणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्यासाठी डेबियनकडून पगार घेत नाहीत. पुण्यातील रेड हॅटच्या अभियंत्यांनी सांभाळलेले ‘लोहित’ फाँट डेबियनच्या संगणकावर मिळतात, तेही कोणीतरी ते पॅकेज करून ठेवले म्हणूनच.

मग सॉफ्टवेअर जुने का असते?

कारण डेबियनने तसे ठरवले आहे. नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ या शाखेत येते. काही दिवस गंभीर दोष आढळला नाही, तर ते ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवले जाते, उरलेले दोष काढले जातात आणि त्याचीच पुढची ‘स्टेबल’ होते. त्यानंतर स्टेबलमध्ये सुरक्षेच्या आणि मोठ्या दोषांच्या दुरुस्त्या येतात, नव्या सोयी मात्र येत नाहीत. सर्व्हर चालवणाऱ्याला हेच हवे असते : काल चालत होते ते आज चालले पाहिजे. ज्याच्या नव्या लॅपटॉपचे वायफाय जुन्या कर्नलला ओळखता येत नाही, त्याला मात्र या शिस्तीचे कौतुक वाटणे कठीण.

ही शिस्त एकदा फारच महागात पडली. डेबियन 3.0 अर्थात ‘वूडी’ जुलै 2002 मध्ये आली आणि पुढची ‘सार्ज’ यायला जून 2005 उजाडले. जवळपास तीन वर्षे! वूडीत डेस्कटॉप होता ग्नोम 1.4, ग्नोम 2 तोवर बाहेर पडून गेला होता. मराठी वाचकासाठी हा फरक किरकोळ नव्हता. ग्नोम 2 सोबत ‘पँगो’ ही मजकूर जुळवणारी यंत्रणा डेस्कटॉपवर आली आणि देवनागरीची जोडाक्षरे पडद्यावर नीट बसण्याची वाट मोकळी झाली. ओपनऑफिसची 1.0 आवृत्ती मे 2002 मध्येच आली होती, पण वूडीत ओपनऑफिस नव्हतेच. म्हणजे स्थिर डेबियन वापरायचे ठरवले, तर पत्र लिहायलासुद्धा तीन वर्षे थांबायचे किंवा बाहेरून काहीतरी आणायचे.

बॅकपोर्ट्स कसे चालतात?

बाहेरून आणण्याची ही गरज डेबियनच्याच काही विकासकांनी ओळखली आणि ‘बॅकपोर्ट्स डॉट ऑर्ग’ या पत्त्यावर भांडार उघडले. कल्पना साधी होती. टेस्टिंगमध्ये पोहोचलेले नवे पॅकेज घ्यायचे आणि ते स्टेबलच्या वातावरणात, स्टेबलच्याच लायब्ररी वापरून, पुन्हा बांधायचे. नवे सॉफ्टवेअर, पण जुन्या घराच्या मापाने शिवलेले.

यातली खरी हुशारी आवृत्तीच्या क्रमांकात आहे. बॅकपोर्ट केलेल्या पॅकेजच्या क्रमांकापुढे ~ हे नागमोडी चिन्ह आणि ‘बीपीओ’ ही अक्षरे जोडली जातात, त्यापुढे कोणत्या डेबियनसाठी बांधले तो आकडा. डेबियनच्या नियमानुसार हे नागमोडी चिन्ह लागले, की तो क्रमांक चिन्ह नसलेल्या त्याच क्रमांकापेक्षा ‘लहान’ मानला जातो. त्यामुळे उद्या वापरकर्ता पुढच्या स्टेबलवर गेला, की तिथले मूळ पॅकेज आपोआप ‘मोठे’ ठरते आणि बॅकपोर्टची जागा घेते. वापरकर्त्याला काही निस्तरावे लागत नाही. बाहेरच्या भांडारांतल्या पॅकेजेसची सर्वांत मोठी डोकेदुखी हीच असते. त्यांचे क्रमांक मनमानी असतात आणि संगणकाची बढती करताना ती मध्येच अडकून बसतात.

2010 मध्ये काय झाले?

पॅकेजेस पाठवणारे लोक आधीही बहुतांशी डेबियनचेच विकासक होते आणि नियमही कडक होते. तरीही भांडार डेबियनचे नव्हते. सर्व्हर वेगळा, पत्ता वेगळा, सही वेगळी. 2007 च्या ‘एच’ आवृत्तीपासून डेबियनचा पॅकेज उतरवणारा प्रोग्राम सह्या तपासू लागला होता. त्यामुळे बॅकपोर्ट्स वापरायचे तर त्यांची स्वतंत्र चावी आपल्या संगणकात बसवावी लागे. सरकारी किंवा मोठ्या संस्थेच्या संगणक विभागाला हे पटवणे किती अवघड, याची कल्पना ज्याने एकदा तरी अशी परवानगी मागितली आहे त्याला असेल. ‘अधिकृत नाही’ या दोन शब्दांवर फाइल परत येते.

सप्टेंबर 2010 मध्ये ही सेवा ‘बॅकपोर्ट्स डॉट डेबियन डॉट ऑर्ग’ या पत्त्यावर आली. आता ती डेबियनच्या पायाभूत सुविधांचा भाग होती आणि सही डेबियनच्या मुख्य भांडाराच्या चावीची होती. वेगळी चावी बसवण्याची गरज संपली. पुढे 2013 मध्ये ‘व्हीझी’ आवृत्तीपासून बॅकपोर्ट्स मुख्य भांडारातच सामावले गेले. जगभरातल्या ज्या मिररवरून डेबियन उतरते, तिथूनच बॅकपोर्ट्सही उतरू लागले. म्हणजे घोषणा एका दिवसाची असली, तरी घर पूर्ण हलवायला अडीच वर्षे लागली.

एक गंमत मात्र शिल्लक राहिली. ‘बीपीओ’ हे मूळच्या ‘बॅकपोर्ट्स डॉट ऑर्ग’चेच लघुरूप. पत्ता गेला, सर्व्हर गेला, पण ती तीन अक्षरे आजही बॅकपोर्ट केलेल्या प्रत्येक पॅकेजच्या क्रमांकात आहेत.

याच काळात दुसरे एक भावंडही मुख्य प्रवाहात आले. व्हायरस शोधणारे सॉफ्टवेअर किंवा जगभरच्या वेळांची माहिती दोन वर्षे गोठवून चालत नाही. त्यासाठी ‘व्होलाटाइल’ नावाची वेगळी सेवा होती. 2011 च्या ‘स्क्वीझ’पासून तिचे काम मुख्य भांडाराच्या ‘अपडेट्स’ विभागाकडे गेले.

अधिकृत नसते तर काय बिघडले असते?

याचे उत्तर दुसऱ्या एका भांडाराच्या गोष्टीत आहे. गाणी-व्हिडिओ चालवणारी जी सॉफ्टवेअर परवान्याच्या अडचणींमुळे डेबियनमध्ये नव्हती, ती ‘डेबियन-मल्टिमीडिया डॉट ऑर्ग’ या भांडारात मिळत. असंख्य वापरकर्त्यांच्या संगणकात ही ओळ वर्षानुवर्षे होती. नावात ‘डेबियन’ असल्याने अनेकांना ते डेबियनचेच वाटे, पण ते तसे नव्हते. नावावरून डेबियनने हरकत घेतल्यावर 2012 मध्ये ते भांडार नव्या नावाच्या पत्त्यावर गेले. जुना पत्ता पुढे मुदत संपून मोकळा झाला आणि तो तिसऱ्याच कोणीतरी विकत घेतला.

जून 2013 मध्ये डेबियनला जाहीर इशारा द्यावा लागला, की हा पत्ता आता आम्हाला अनोळखी असलेल्या कोणाच्या तरी ताब्यात आहे, तुमच्या संगणकातली ती ओळ काढून टाका. सह्यांची तपासणी चालू असलेल्या संगणकांना त्यातून थेट धोका नव्हता. पण ‘सही तपासू नको’ असे सांगून मोकळे झालेले वापरकर्तेही थोडे नसतात. संगणकात लिहिलेली भांडाराची ओळ म्हणजे घराची किल्ली कोणाला तरी देऊन ठेवणे. त्या माणसाने घर बदलले, तर किल्ली कोणाच्या हाती पडली याची बातमी आपल्याला येत नाही. मूळ भांडार चालवणाऱ्याचा हेतू वाईट होता, असे कोणी म्हटले नाही आणि तसे म्हणण्याचे कारणही नाही. अधिकृत पत्त्याचा उपयोग इथे दिसतो. एखादा स्वयंसेवक थकला, नोकरीत अडकला किंवा सोडून गेला, तरी पत्ता आणि चावी संस्थेकडे राहते.

मग अधिकृत म्हणजे पूर्ण हमी का?

नाही, आणि डेबियन हे लपवतही नाही. बॅकपोर्ट्सची चाचणी स्टेबलइतकी होत नाही. डेबियनचे सुरक्षा पथक बॅकपोर्ट्सकडे पाहत नाही. ज्याने पॅकेज बॅकपोर्ट केले, त्यानेच सुरक्षेची दुरुस्तीही वेळेवर आणायची असते. म्हणून पॅकेज पाठवणाऱ्याकडून अपेक्षा असते, की ते त्याने स्वतः वापरावे आणि त्या आवृत्तीचे आयुष्य संपेपर्यंत सांभाळावे.

हे सांभाळणे किती जड जाते, हे बंगळुरूच्या एका शाळकरी मुलाने सुरू केलेल्या ‘उबुंटू युनिटी’ने दाखवले. उबुंटूने सोडून दिलेला युनिटी डेस्कटॉप त्याने 2020 मध्ये पुन्हा जुळवून दिला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये उबुंटूने त्याला अधिकृत दर्जा दिला. कौतुक भरपूर झाले. पण अधिकृत झाले, की दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती द्यावी लागते, तिची चाचणी करावी लागते, आणि परीक्षा तर त्याच महिन्यांत येतात. 2025 च्या ऑक्टोबरची आवृत्ती उबुंटू युनिटीला देता आली नाही आणि मदतीसाठी हात पुढे करावे, असे आवाहन करण्याची वेळ आली. दोष त्या मुलाचा नाही. त्याच्या खांद्याशेजारी पुरेसे खांदे नव्हते, एवढेच.

उलट बाजूचे उदाहरणही भारतीय स्वयंसेवकांच्या पुढाकाराचेच आहे. गिटलॅबसारखी सॉफ्टवेअर इतक्या वेगाने बदलतात, की ती टेस्टिंगमध्ये टिकत नाहीत, म्हणून बॅकपोर्ट्सच्या नियमांतही बसत नाहीत. 2023 मध्ये कोचीत डेबियनची जागतिक परिषद भरली. भारतातल्या ज्या डेबियन गटांचे काम त्यामागे होते, त्यांतल्याच विकासकांनी अशा सॉफ्टवेअरसाठी ‘फास्ट ट्रॅक’ हे भांडार उभारले. त्याचा पत्ता ‘डेबियन डॉट नेट’ या घराण्यातला आहे, ‘डॉट ऑर्ग’मधला नाही. ‘डॉट नेट’ म्हणजे डेबियनच्या विकासकांनी स्वतःच्या जबाबदारीवर चालवलेली सेवा, ‘डॉट ऑर्ग’ म्हणजे संस्थेची सेवा. बॅकपोर्ट्सने 2010 मध्ये ओलांडलेला उंबरठा हाच. फास्ट ट्रॅक अजून त्याच्या अलीकडे आहे.

वापरकर्त्याने काय करावे?

बॅकपोर्ट्स मुद्दामच मागच्या रांगेत ठेवलेले असतात. ती ओळ भांडारांच्या यादीत जोडली, तरी एकही पॅकेज आपणहून बदलत नाही. हवे ते पॅकेज नाव घेऊन मागावे लागते. एकदा घेतले, की त्या पॅकेजची पुढची बॅकपोर्ट आवृत्ती मात्र नेहमीच्या अपडेटमध्ये येत राहते. म्हणून जे नडते तेवढेच घ्यावे. डेबियन 12 वर वायफाय चालत नसेल तर कर्नल : मूळची 6.1 मालिका सोडून बॅकपोर्ट्समधून 6.12 घेता येते. सरकारी नमुन्यातली फाइल जुन्या लिबरऑफिसमध्ये विस्कटत असेल तर लिबरऑफिस. दोन्ही ठीक चालत असतील, तर ती ओळ जोडण्याचीही गरज नाही.

आणि व्हिडिओतल्या सूचनेत ‘सही तपासणी बंद करा’ असे आले, तर तो व्हिडिओ तिथेच थांबवावा. बॅकपोर्ट्ससाठी असे काहीही करावे लागत नाही. त्यांची सही ओळखणारी चावी डेबियन टाकले त्या दिवसापासून संगणकात असते.