बादलीतला पैलवान

मैत्रिणींनो, पहिला दणदणीत पाऊस झाला की शेताच्या बांधाशी, डबक्यात पिवळेधमक बेडूक दिसू लागतात ना, ते नर असतात. मादीला बोलवायला अंगावर हळद चढते आणि गळ्याशी दोन निळे फुगे फुगतात! आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या बेडकांपैकी ही जात. चांगला तळहातभर होतो, आणि पोरांना त्याचा मोह पडतोच.

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या सातवीतल्या मुलाने असाच एक घरी आणला. नाव ठेवलं पैलवान. "ताई, सोड म्हटलं की पोर जेवत नाही, काय करू?" ती मला विचारत होती. नवरा परगावी, ती दिवसभर कामावर, शाळेतून आल्यावर पोर घरात एकटंच. रागावून बादली उपडी करणं तिच्या जिवावर आलेलं.

मी जाऊन पाहिलं. बादलीत नळाचं पाणी, वर जाळी, शेजारी भात आणि चपातीचे तुकडे. पैलवानाने शिवलंसुद्धा नव्हतं. कसा शिवणार? हलतं भक्ष्य दिसलं तरच तो झडप घालतो. किडे, खेकडे, उंदराचं पिल्लू, एवढंच काय, स्वतःपेक्षा लहान बेडूकही गिळतो. उड्या मारून मारून जाळीला नाक घासलं होतं, सोलवटून लाल झालं होतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. थोडाफार श्वासही त्याच कातडीतून. त्यामुळे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, बादलीला राहिलेला साबण, आपल्या हाताची पावडर-क्रीम, सगळं त्याच्या अंगात जातं. आणि पावसाळा सरला की त्याला ओल्या मातीत खोल गाडून घ्यायचं असतं. ते फरशीवर कुठून आणायचं?

शिवाय कायदा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या बेडकाला संरक्षण आहे. पकडून घरात ठेवायचा नाही. एके काळी आपल्या देशातून याच्या तंगड्या टनावारी परदेशी जायच्या. शेतातले बेडूक संपले तर किडींना आवरणार कोण, अशी ओरड झाली आणि १९८७ साली ती निर्यात बंद झाली. तरी पावसाळ्यात चोरून मारतातच. गोव्यात त्याला 'जंपिंग चिकन' म्हणतात, काय ते नाव!

हे सगळं पोराला सांगितलं. त्याने एकच विचारलं, "सोडला तर तो मला विसरेल?" मी खरं तेच सांगितलं, "बाळा, तो तुला ओळखतच नाही." डोळे भरले त्याचे. पण नाकाची जखम त्यानेच आधी पाहिली होती. संध्याकाळी आईबरोबर जाऊन जिथून आणला त्याच डबक्यात सोडून आला. दुसऱ्या तळ्यात सोडू नये, एकीकडचा रोग दुसरीकडे जातो. आणि पोराला दुपारची सोबत हवी होती, ती गटातल्या बायकांनी वार ठरवून वाटून घेतली. आमच्याकडे गुरुवारी येतो. बेडकांवर एक वहीच केलीय पठ्ठ्याने!

तुमच्याही परसात बेडूक यावेत असं वाटत असेल तर औषधफवारणी टाळा, एका कोपऱ्यात पालापाचोळा आणि ओल राहू द्या. आपणहून येतात. मात्र हा कोपरा घरापासून लांबच असू द्या, कारण बेडकामागून साप येतो. रात्री तिकडे जाताना बॅटरी आणि पायात बूट हवेतच. बेडकाला हात लावल्याने चामखीळ येते हे खोटं, पण त्याच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. तेव्हा पोरांनी हात लावलाच, तर आधी साबणाने हात, मग ताट.