नावाशेजारी ‘रिमेंबरिंग’ : गेलेल्या माणसाचं फेसबुक पान सांभाळताना



सुरुवात एका अशा गोष्टीपासून करतो जी इथल्या बहुतेकांनी पाहिली असेल. सकाळी फेसबुक उघडलं की वर दिसतं, आज अमक्यांचा वाढदिवस. तो माणूस जाऊन दोन वर्षं झालेली असतात. आपण दचकतो. पण खाली बघावं तर पंधरा-वीस जणांनी लिहिलेलं असतं, ‘हॅपी बर्थडे भाऊ, पार्टी कधी?’ त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नसतं. आणि हे सगळं त्या माणसाची बायको, मुलगी वाचत असते.

असं का होतं? कारण माणूस गेला हे फेसबुकला आपोआप कळत नाही. कोणीतरी कळवावं लागतं. कळवलं नाही तर खातं जसंच्या तसं राहतं, जिवंत माणसाचं असावं तसं. कळवलं तर दोन वाटा असतात. एक, खातं कायमचं पुसून टाकायचं. ही विनंती जवळच्या नातेवाइकांनी कागदपत्रांसह करायची असते. दुसरी वाट म्हणजे त्याचं स्मृतिपान करायचं. ही सोय 2009 पासून आहे. स्मृतिपान झालं की नावाशेजारी ‘रिमेंबरिंग’ हा शब्द येतो. वाढदिवसाची आठवण, ‘यांना तुम्ही ओळखत असाल’ वगैरे सूचना बंद होतात. जुने फोटो, जुन्या पोस्टी ज्यांना दिसत होत्या त्यांना दिसत राहतात. आणि मग त्या खात्यात कोणालाही लॉगइन करता येत नाही. पासवर्ड तुमच्या वहीत लिहिलेला असला तरी नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हटलं, कारण आमच्या घरात ते कोणालाच माहीत नव्हतं.

माझी थोरली बहीण रायगड जिल्ह्यात शिक्षिका होती. निवृत्तीनंतर तिने फेसबुकवर रानभाज्यांचं एक पेज सुरू केलं. पावसाळ्यात आजूबाजूच्या वाड्यांवर जायची, बायकांबरोबर रानात फिरायची. करटोली, टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं, प्रत्येकाचा फोटो आणि खाली चार ओळी. कुठलं पान कोवळं घ्यायचं, शेवळं नीट केली नाहीत तर घसा कसा खाजतो, त्यात काकड का घालतात. आणि शेवटी, ही माहिती कोणी दिली त्या बाईचं नाव आणि वाडी. ते ती कधी विसरायची नाही. सहा वर्षं चाललं हे.

ताई गेली. दिवस झाले, तेरावं झालं. घरातला ‘कॉम्प्युटरमधला’ माणूस मी. लोक तिच्या खात्यावर काहीबाही लिहीत होते, ते थांबावं, म्हणून मी मृत्यूचा दाखला जोडून स्मृतिपानाची विनंती पाठवली. मंजूर झाली. मला वाटलं एक काम नीट पार पडलं. थोड्याच दिवसांत भाचीचा फोन आला, ‘मामा, आईच्या भाज्या दिसत नाहीयेत.’

झालं होतं असं. ताईचं स्वतःचं खातं वेगळं आणि भाज्यांचं पेज वेगळं. पण पेजची ॲडमिन ती एकटीच. फेसबुकचा नियम असा आहे की एकच ॲडमिन असेल आणि त्याच्या खात्याचं स्मृतिपान झालं, तर ते पेज काढून टाकलं जातं. नियम लिहिलेला आहे, मी तो वाचला नव्हता. मी एक दार बंद केलं आणि त्याच्या आतल्या खोलीलाही कुलूप लागलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच आहे की ही विनंती तेराव्याच्या घाईत करू नका. हे काही नगरपालिकेतल्या नोंदीसारखं 21 दिवसांत उरकायचं काम नाही. आधी बघा की गेलेला माणूस कुठल्या पेजचा, कुठल्या ग्रुपचा ॲडमिन होता का. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, भजनी मंडळाचं पेज. तिथे दुसरा कोणी ॲडमिन आहे का. जे जाहीर दिसतंय ते तरी आपल्याकडे उतरवून घ्या. त्यांच्या पासवर्डने आत शिरणं कंपनीच्या नियमांत बसत नाही, हे मी इथे स्पष्ट सांगतो. त्यामुळे खरा उपाय मागे राहिलेल्यांच्या हातात नसतोच, तो ज्याचं खातं आहे त्याने हातीपायी धड असताना करायचा असतो.

तो उपाय म्हणजे लेगसी कॉन्टॅक्ट. 2015 साली ही सोय आली. आपल्या माघारी पानाची देखरेख कोणी करायची ते आपणच नेमून ठेवायचं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर, त्यात पर्सनल डिटेल्स, त्यात अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल, त्यात मेमोरियलायझेशन. (श्रोत्यांमधून : पुन्हा सांगा.) पुन्हा सांगतो, आणि शेवटी मोबाइलवर दाखवतोही. तिथेच एक परवानगी देता येते, की माझ्यानंतर या माणसाला माझ्या पोस्टींची, फोटोंची प्रत उतरवून घेता यावी. ती द्या. पाच मिनिटांचं काम आहे. ताईने हे केलं असतं तर तिच्या स्वतःच्या खात्यावरचे फोटो तरी आम्हाला रीतसर मिळाले असते.

आता या नेमलेल्या माणसाला काय करता येतं? पानाच्या वर एक पोस्ट लावून ठेवता येते. शोकसभा कधी, देहदान केलं होतं की नाही, फुलांऐवजी कुठल्या कामाला मदत करा, हे तिथे लिहायचं. प्रोफाइलचा आणि वरचा मोठा फोटो बदलता येतो. आलेल्या मैत्रीच्या विनंत्यांना उत्तर देता येतं. लोक श्रद्धांजली लिहितात तो वेगळा भाग असेल तर तिथे कोणी लिहायचं हे ठरवता येतं, नको ते काढता येतं. मात्र त्या माणसाचे खासगी मेसेज वाचता येत नाहीत, त्याच्या मित्रयादीतून कोणाला हाकलता येत नाही. म्हणजे तुम्ही राखणदार आहात, मालक नाही.

मेसेज वाचू द्यायचे की नाही, यावर जर्मनीत मोठा खटला झाला. 2012 मध्ये बर्लिनमध्ये 15 वर्षांची एक मुलगी भुयारी रेल्वेखाली गेली. अपघात की आत्महत्या, आईवडिलांना कळेना. आईकडे पासवर्ड होता, पण तोवर कोणीतरी फेसबुकला कळवलं होतं आणि स्मृतिपान झालेलं होतं. दार बंद. खालच्या कोर्टात आईवडील जिंकले, वरच्या कोर्टात हरले, आणि 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की पत्रं आणि डायऱ्या जशा वारसांकडे जातात तसंच हे खातंही जातं. तर कंपनीने काय द्यावं? एका पेन ड्राइव्हवर 14,000 हून अधिक पानांची पीडीएफ! 2020 मध्ये कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की याला खातं उघडून देणं म्हणत नाहीत. निकाल मला पटतो. ते आईवडील होते आणि मूल 15 वर्षांचं होतं. पण माझ्या माघारी माझे मेसेज घरच्यांनी वाचावेत असं मला वाटतं का? नाही बुवा. (हशा) तुम्हालाही वाटत नसेल.

आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याच्या कलम 14 मध्ये आपल्या मृत्यूनंतर आपल्या माहितीबाबतचे हक्क कोणी बजावायचे यासाठी माणूस नेमण्याचा अधिकार दिला आहे. बँकेत नॉमिनी लावतो तसं डोक्यात ठेवा.

रोजच्या सांभाळण्याबद्दल थोडं. वर्तमानपत्रातल्या ‘प्रथम पुण्यस्मरण’च्या जाहिरातीत मजकूर घरचे ठरवतात. चौकातल्या फ्लेक्सवर गेलेल्यापेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो जास्त असतात, तो भाग सोडा. फेसबुकच्या पानावर मात्र कोणीही येतं आणि त्याला आठवणारा माणूस तुमच्या माणसापेक्षा वेगळा असतो. ताईच्या खात्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने लिहिलं की बाईंनी मला एकदा सगळ्या वर्गासमोर मारलं होतं, ते मी विसरलो नाही. भाची म्हणाली, ‘मामा, हे काढायला लावू या.’ मी म्हटलं, राहू दे. शिवीगाळ असेल, पैशांची जाहिरात असेल, तर जरूर काढावी. पण ही त्याची आठवण होती आणि खरी होती. भाचीला अजून ते पूर्ण पटलेलं नाही.

ताईच्या तोंडून बोलायचा मोहही होतो. ‘मी जिथे आहे तिथे सुखात आहे’ अशा पोस्टी मी वाचल्या आहेत. कृपा करून करू नका. लिहायचं ते स्वतःच्या नावाने, नातं सांगून.

आणि नकली खात्यांवर लक्ष ठेवा. गेलेल्या माणसाचा फोटो उचलून नवं खातं काढतात आणि ओळखीच्यांना ‘दवाखान्यात आहे, पैसे पाठव’ म्हणून मेसेज जातात. ज्याला बातमी कळलेली नाही तो पाठवतोही. असं दिसलं की त्याच खात्यावर जाऊन तक्रार करायची, आणि दहा जणांना करायला सांगायची. म्हणूनच मोबाइल नंबरही लगेच सोडू नका. बँकेचे, ईमेलचे ओटीपी त्यावर येतात आणि बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. फोटो गूगलवर असतील तर तिथे इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाची सोय आहे, आयफोनवाल्यांना 2021 पासून लेगसी कॉन्टॅक्ट आहे. दोन्ही जिवंतपणीच लावायच्या.

भाज्यांचं विचाराल तर, आम्ही वर्षभर माग काढतोय. लोकांनी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठवले होते, ते परत मागवले. शेवळं मिळाली, भारंगी दोनदा मिळाली. पण स्क्रीनशॉट काढताना लोक फोटो आणि कृती तेवढी घेतात. खालची ओळ, त्या बायकांची नावं, बहुतेक ठिकाणी कापली गेली आहे. या पावसाळ्यात भाची आणि मी वाड्यांवर जाऊन विचारणार आहोत. काहीजणी आता नाहीत.

मोबाइल काढा सगळ्यांनी, ते सेटिंग दाखवतो. मागे हात वर आहे, आधी तुमचा प्रश्न घेऊ.