ड्रिल मशीनचं लाकडी टेबल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुठल्याही शहरातल्या मशिनरीच्या दुकानात जे 13 मिमीचं बेंच ड्रिल मिळतं, ते मुळात लोखंडकामासाठी घडवलेलं असतं. त्याचं बिडाचं टेबल लहान असतं. त्यातल्या खाचा व्हाइस बोल्टने आवळण्यासाठी आणि मधलं भोक बिट आरपार जाण्यासाठी. लोखंडाच्या तुकड्याला एवढं पुरतं. कपाटाची दीड फुटी फळी मात्र त्यावर धड टेकत नाही. क्लॅम्प लावायला गेलं तर टेबलाखालच्या बरगड्या आड येतात, आणि मधल्या भोकावर आधार नसल्याने फळीची खालची बाजू फुटते. म्हणून घरी सुतारकाम करणारे त्यावर लाकडी टेबल चढवतात. काम एका सुट्टीत होण्यासारखं आहे, पण त्याबद्दलच्या समजुती भलत्याच आहेत. जिथे डोकं लावायला हवं तिथे लोक लावत नाहीत आणि नको तिथे पैसे घालतात.

पहिली समजूत अशी की टेबल मोठं केलं की भोक फळीत जास्त आत पाडता येतं. तसं होत नाही. भोक कडेपासून किती आत पडेल हे बिट पकडणाऱ्या चकचा मध्य आणि मागचा खांब यांच्यातल्या अंतरावर ठरतं. अमेरिकेत या मशीनचं माप त्या अंतराच्या दुपटीत सांगतात. तिथलं 12 इंची मशीन म्हणजे खांबापासून बिटच्या मध्यापर्यंत 6 इंच. आपल्याकडे चकमध्ये किती जाड बिट बसतं ते माप सांगितलं जातं, म्हणून हे अंतर दुकानातच टेप लावून मोजावं. टेबलाचा आकार फक्त आधार देतो, आणि तोही अति झाला की त्रास. टेबल वर-खाली करायचं हँडल असेल तर ते लाकडी टेबलाखाली दडतं आणि प्रत्येक फेऱ्याला बोटं घासतात. लांब फळीचं वजन एका टोकाला आलं की बिडाचं टेबल खांबावरच्या पकडीत किंचित झुकतं, मग भोक तिरकं जातं. छोट्या बेंच मशीनला साधारण 600 बाय 350 मिमी भरपूर झालं. त्याहून लांब फळीच्या टोकाला वेगळा टेकू द्यावा. मागच्या कडेला खांबापुरती अर्धगोल खाच कापली की टेबल मागे सरकतं आणि फेन्सला जागा मिळते.

फेन्स म्हणजे फळी टेकवायची सरळ पट्टी. तिच्याबद्दलचा गैरसमज सगळ्यात पक्का आहे, कारण तो टेबल सॉवरून आलाय. तिथे फेन्स पात्याला समांतर नसेल तर लाकूड अडकतं आणि मागे उसळतं. ती धास्ती मनात असल्यामुळे लोक ड्रिलच्या टेबलावरही दोन्ही बाजूंना पट्ट्या, खुणा आणि मोजमापं करत फेन्स काटेकोर समांतर बसवण्याच्या मागे लागतात. पण पात्याला दिशा असते, उभ्या फिरणाऱ्या बिटला दिशाच नसते. बिटच्या मध्यापासून फेन्सचं लंब अंतर किती, एवढा एकच आकडा इथे लागतो. फेन्स टेबलावर तिरपी दिसली तरी फळी तिला लागून सरकवत गेलात की भोकांची रांग फळीच्या कडेला समांतरच पडते. म्हणून फेन्सचं एक टोक बोल्टवर फिरतं ठेवावं आणि दुसरं टोक हव्या अंतरावर क्लॅम्पने आवळावं. काम पूर्ण होतं, आणि सूक्ष्म अंतर जुळवणं उलट सोपं जातं.

व्यवहारातलं उदाहरण किचनच्या शटरचं. कप बिजागरीला 35 मिमी व्यासाचा खड्डा लागतो आणि त्याचा मध्य बहुधा कडेपासून 22.5 मिमीवर येतो. फेन्स एकदा 22.5 वर आवळली की सगळ्या शटरचे खड्डे कडेपासून एकाच अंतरावर पडतात, पेन्सिलची खूण फक्त उंचीची करायची. कपाटातल्या फळ्यांच्या पिनांसाठी फर्निचर कारखान्यांची रीत 5 मिमीची भोकं, समोरच्या कडेपासून 37 मिमीवर, एकमेकांपासून 32 मिमी अंतराने अशी आहे. फेन्सवर फळीचं टोक अडवणारी एक अडणी लावली आणि दर भोकाला ती 32 मिमीने सरकवली की घरीसुद्धा तशीच रांग काढता येते. अट एवढीच की फेन्स स्वतः सरळ हवी आणि तिचं तोंड टेबलाशी काटकोनात हवं. शिवाय तिच्या खालच्या कडेला दोन-तीन मिमीची खाच काढावी. भुसा त्या खाचेत जातो. खाच नसेल तर तो फळी आणि फेन्स यांच्यामध्ये अडकतो आणि माप नकळत बिघडतं. दिखाऊ टेबलांमध्ये नेमकी हीच खाच विसरलेली दिसते.

आता टेबलात बिटच्या खाली बसवायच्या बदलत्या ठोकळ्याकडे. मध्यभागी एक भोक ठेवलं की झालं, असं मानलं जातं. पण लाकडाची खालची बाजू फुटते ती बिट बाहेर पडताना, कारण शेवटच्या तंतूंना मागून आधार नसतो. आधार बिटच्या अगदी कडेपर्यंत हवा, म्हणून ठोकळा कोरा हवा. एकदा 35 मिमीचं भोक पडलेला ठोकळा पुढच्या 8 मिमीच्या भोकाला उपयोगाचा नाही. इथे थोडी भूमिती मदतीला येते. ठोकळा चौरस घ्या आणि त्याच्यासाठी टेबलात खड्डा असा कापा की बिट ठोकळ्याच्या मध्यरेषांवर किंवा कर्णांवर न येता थोडं बाजूला उतरेल. मग ठोकळा चार बाजूंनी फिरवून चार आणि उलटा करून आणखी चार, अशा आठ कोऱ्या जागा मिळतात. बरोबर मध्यावर ठेवलात तर एकच. ठोकळ्याखाली बोट जाईल एवढं भोक ठेवलं की तो खालून ढकलून काढता येतो. ठोकळा टेबलाच्या पातळीत बसला पाहिजे. खाली राहिला तर कागदाच्या घड्या घाला.

लाकूड कोणतं? सागवान हे सगळ्यावरचं उत्तर, असं आपल्याकडे मानतात. सागवान टिकाऊ आहे यात वाद नाही, पण अखंड लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर रुंदीत फुगतं आणि आकसतं. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हा फरक डोळ्यांना दिसतो. टेबलाला सपाटपणा लागतो, तो प्लाय किंवा एमडीएफमध्ये जास्त भरवशाचा. मग मरीन प्लाय घ्यावा का? भारतीय मानक 710 मधला मरीन प्लाय पाण्याला आणि डिंक सुटण्याला दाद देत नाही, पण तो सरळच असेल अशी हमी त्यात नाही. दुकानात तुकडा उचलून डोळ्यासमोर धरा, सरळ पट्टी टेकवा, आणि वाकडा असेल तर महाग असूनही सोडा. एमडीएफ सपाट मिळतो, मात्र त्याच्या कडा पाणी पितात, त्या सील करा. सनमायका लावायचा तर दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावलात तर दोन बाजू ओलावा सारखा घेत नाहीत आणि पाट वाकतो.

टेबल बोल्टने आवळलं म्हणजे ते बिटशी काटकोनात बसलं, असंही नाही. बिडाचं टेबल बहुतेक मशीनवर फक्त डावी-उजवीकडे कलतं, पुढे-मागे नाही. तपासायला बिटच्या पन्हाळीला गुण्या टेकवू नका, तिथे तो नीट बसत नाही. जाड तार काटकोनात वाकवून चकमध्ये आवळा, टोक टेबलाला जेमतेम स्पर्श करेल असं लावा आणि, मशीनचा प्लग काढून, चक हाताने फिरवा. चारी दिशांना तार सारखी घासली तर टेबल सरळ आहे. पुढे-मागे फरक आला तर लाकडी आणि बिडाच्या टेबलामध्ये पातळ पट्टी सरकवा.

अॅल्युमिनियमच्या टी-ट्रॅकशिवाय टेबल अपुरं, हा बाजाराने रुजवलेला समज. प्लायमध्ये आरपार खाच, खाली वॉशर आणि वर विंगनट यांनी तेच काम होतं. टी-ट्रॅक लावायचाच तर एमडीएफमध्ये नुसत्या स्क्रूवर विसंबू नका, आरपार बोल्ट घाला. शेवटची समजूत धोक्याची आहे: हातमोजे घातले की हात सुरक्षित. फिरत्या बिटजवळ हातमोजा अडकून हात आत ओढला जातो, म्हणून तो काढूनच काम करावं. बिट आरपार निघताना लाकडाला पकडतं आणि वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवतं. त्यामुळे फळीचं लांब टोक आपल्या डावीकडे ठेवावं, म्हणजे ती सुटली तरी मागच्या खांबाला किंवा फेन्सला अडते. छोटा तुकडा मात्र क्लॅम्पनेच धरावा, हाताने नाही.

आता यातलं काहीही करण्याआधी 18 मिमी प्लायचा उरलेला तुकडा आणि दोन क्लॅम्प घेऊन महिनाभर काम करून पाहा. फेन्स कुठे लागते आणि हँडलला हात कुठे अडतो ते समजलं की मगच खाचा कापा.